धुक्यात फोकस पक्ष्यावर बसत नसेल तर

बेळगावहून जांबोटी ओलांडून कणकुंबी-चोर्ल्याकडे निघालं की पावसाळ्यात धुकं आणि झिमझिम ठरलेलीच. ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर समोर बसलेला असतो, पण लेन्स नुसती पुढे-मागे फिरत राहते. कॅमेरा बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. ऑटोफोकसला उजळ-गडद असा फरक लागतो आणि धुकं नेमका तोच पुसून टाकतं.

आधी लेन्सची पुढची काच बघा. एसी गाडीतून उतरल्याबरोबर तिच्यावर बाष्प धरतं, म्हणून पोहोचायच्या बऱ्याच आधी एसी बंद करून काचा खाली करा.

मग फोकससाठी एकच पॉइंट निवडा. तो कस्तुराच्या काळपट पोटावर ठेवलात तर काहीच हाती लागत नाही. कपाळावरचा चकचकीत निळा पट्टा किंवा चोचीची धुक्याला भिडणारी कड, तिथे ठेवा. लेन्सवर लिमिटर (फोकस कोणत्या अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण) असेल तर जवळचं अंतर बंद करा. फोकस थेंबांवर उडी मारत असेल तर ट्रॅकिंगची संवेदनशीलता (फोकस किती चटकन दुसऱ्या वस्तूकडे वळतो ती सेटिंग) कमी करा. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोहोच वाढवणारी जोडलेन्स) तर अशा दिवशी काढूनच ठेवावा: एफ ५.६ ची लेन्स त्याने एफ ८ होते, म्हणजे आत येणारा प्रकाश निम्म्यावर येतो, आणि बऱ्याच जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो.

तरीही जमेना, तर पक्ष्याइतक्याच अंतरावरच्या फांदीवर फोकस घ्या, मॅन्युअलवर या आणि रिंग किंचित फिरवत फोटो काढा.

हिमाचलात बर्फ पडत असतानाही हेच करायचं. फक्त पांढऱ्या पसाऱ्यात फोटो काळवंडतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ च्या आसपास न्या.