कोकणात जुनी पेट्रोल गाडी घेताय? आधी पत्रा बघा

बजेट कमी असलं की अल्टो, वॅगनार, सँट्रो यांच्यावरच गाडी येऊन थांबते आणि ते बरंच आहे, स्पेअर पार्ट रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही मिळतात. पण आपल्याकडे किलोमीटरपेक्षा गंज महत्त्वाचा. खारी हवा आणि पावसाचे चार महिने, त्यात गाडी बंदराजवळ उभी राहणारी असेल तर पत्रा आतून सडतो नि वरून नवा रंग मारून चकाचक करून देतात. म्हणून स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, मॅट उचलून हात फिरवा, दरवाजाची खालची कड आणि सायलेन्सर तपासा, आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा, जिथे धरत नाही तिथे बहुतेक पुट्टी भरलेली. इंजिनचं काम एकवेळ परवडतं हो, चासी सडली की विषय संपला.

ट्रायल सपाट रस्त्यावर नको, घाटीत चढावर थांबवून पुन्हा उचला, क्लच लगेच कळतो. आरसीवर बँकेचा बोजा दिसला तर बँकेची एनओसी (कर्ज फिटल्याचा ना-हरकत दाखला) आल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि हो, १५ वर्षं होत आली असतील तर पासिंगचा, म्हणजे आरटीओत पुन्हा नोंदणी करायचा, खर्च भावातून कापून घ्या.