बाळाचं इसब: आंघोळ, मलम आणि मापाची गोष्ट

दोन-तीन महिन्यांच्या बाळाचे गाल लालभडक होतात, हाताला खरखरीत लागतात आणि खांद्यावर घेतलं की बाळ तोंड घासत राहतं. घरचं निदान तयार असतं: "उष्णता बाहेर पडतेय." बऱ्याचदा ते इसब असतं, डॉक्टरांच्या भाषेत एक्झिमा. अशा बाळाची कातडी माठासारखी पाझरते. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत शिरतात. ही ठेवण बहुतेक वेळा घराण्यातूनच येते; आईवडिलांपैकी कुणाला दमा किंवा सततच्या शिंका असतात. इसब एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

तान्ह्या बाळात ते गाल, कपाळ, डोकं आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला दिसतं. लंगोटाखालची जागा ओलसर राहते, म्हणून ती सहसा सुटते. डोक्यावर नुसतेच पिवळे तेलकट पापुद्रे असतील आणि बाळाला खाज नसेल, तर ते इसब नव्हे. तळहात-तळपायांवर पुटकुळ्या आणि घरात आणखी कुणी रात्री खाजवत असेल, तर खरजेची शंका घ्या. खरजेचं औषध वेगळं, आणि ते सगळ्या घराला घ्यावं लागतं.

खरं बदलायचं असतं ते न्हाणीघरात. आपल्याकडे बाळाला पायांवर घेऊन, डाळीच्या पिठानं रगडून, कडकडीत पाण्यानं शेकून काढतात. इसबाच्या कातडीला यातलं काहीच सोसत नाही. पीठ खरवडतं, शिवाय फुटलेल्या कातडीतून डाळीची किंवा दुधाची प्रथिनं आत गेली, तर पुढे त्याच पदार्थाची अॅलर्जी जडू शकते. म्हणून पीठ, साय, हळद अंगाला नको. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेलही नको, त्यांनी कातडीचा थर आणखी सैल होतो. बिनवासाचं खोबरेल हलक्या हातानं चोळायला हरकत नाही, पण ते मलमाची जागा घेत नाही. हे सगळं आजीला किंवा मालिशवाल्या बाईंना सांगणं, हा उपचारातला सर्वांत अवघड भाग.

पाणी कोमट हवं. कोपर बुडवून बघा, गरम वाटलं तर ते जास्तच आहे. आंघोळ 5 ते 10 मिनिटांत उरका. बिनवासाचा सौम्य क्लीन्झर फक्त मान, काखा आणि जांघांना लावा, बाकी अंगाला नुसतं पाणी पुरे. मऊ पंचानं टिपून घ्या, पुसू नका. अंग अजून दमट असताना, तीनेक मिनिटांच्या आत, मलम लावा. वेळ गेला की अंगावरचं पाणी उडताना कातडीतलंही घेऊन जातं.

मलम म्हणजे बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर किंवा साधी पेट्रोलियम जेली. पातळ लोशन पुरत नाही. चूक होते ती मापात. अंगभर इसब असेल, तर आठवड्याला किमान 100 ग्रॅम संपायला हवं. 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर नुसतं बोट फिरवणं चाललंय. कातडी चांगली दिसत असली तरी दिवसातून दोनदा लावा. वरून खाली, लव असते त्या दिशेनं. गोल गोल चोळलं तर लवेच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. डबीतून बोटानं न काढता स्वच्छ चमच्यानं काढा. लाळेनं हनुवटी चिघळत असेल, तर पाजण्याआधी तिथे जेलीचा थर द्या. आणि बाळाला धुरी देत असाल तर थांबवा: वेखंड-ओव्याचा धूर कातडीला झोंबतो, वर मलम मुरलेले कपडे निखाऱ्यानं पटकन पेट घेतात.

लाल, खाजरा चट्टा नुसत्या मॉइश्चरायझरनं बसला नाही, तर डॉक्टर सौम्य स्टिरॉइड मलम देतात, बहुधा 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन. त्याला घाबरून चिमूटभर लावणं जितकं चूक, तितकंच दुकानातून विचारून आणलेलं बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड अशा मिश्रणाचं मलम धोक्याचं. त्यात बहुतेक वेळा जहाल स्टिरॉइड असतं आणि त्यानं गालाची कातडी पातळ होते. माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून ओढलेली एक रेघ, म्हणजे अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. फक्त लाल जागेवर, सांगितले तितकेच दिवस. त्यात आणि मॉइश्चरायझरमध्ये 15-20 मिनिटं जाऊ द्या.

कपडे सुती, नखं कापलेली, लोकरीचं टोपडं असेल तर आत सुती अस्तर. पाजणाऱ्या आईनं अंदाजानं दूध-अंडी सोडू नयेत. इसब फार जोरात असेल, तर वरचं खाणं, विशेषतः अंडं आणि शेंगदाणा, कसं सुरू करायचं ते डॉक्टरांशी आधीच बोला.

चट्ट्यातून पाणी येऊन मधासारखी पिवळी खपली धरली, तर जंतूंचा संसर्ग झालाय, डॉक्टरांना दाखवा. पण एकसारख्या आकाराचे फोड झपाट्यानं पसरले, फुटून टाचणीनं टोचल्यासारखे खोल व्रण झाले, बाळाला ताप आला किंवा ते पीत नसेल, तर तो नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसचा संसर्ग असू शकतो. ओठावर तापाचे फोड आलेल्या माणसानं मुका घेतल्यानंही तो होतो. अशा वेळी सकाळची वाट न बघता बाळाला घेऊन दवाखाना गाठा.