नहपानाचं चांदीचं नाणं कसं ओळखावं

सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला 1906 मध्ये पश्चिम क्षत्रपांच्या क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यामुळे नाशिककडे असं नाणं हाती आलं की ते ‘जोगलटेंभीचं’ म्हणूनच सांगितलं जातं. नोंद नसेल तर हे लेबल लावू नका. नाणं कुणाचं हे नाण्यावरून ठरतं, कुठल्या साठ्यातलं हे फक्त कागदावरून.

आधी वजन करा, दोन दशांशांपर्यंत. साधारण 2 ते 2.4 ग्रॅम भरायला हवं. ही नाणी ठोकून पाडलेली असतात, म्हणून कडेला बारीक चिरा दिसणं चांगलंच. कडेवर गोल फिरणारा सांधा आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर ते ओतीव, म्हणजे बनावट समजा.

मग उजेड बाजूने, तिरपा पाडा. एका बाजूला उजवीकडे पाहणारा चेहरा, भोवती ग्रीक लिपीतला लेख. भाषा मात्र प्राकृत. इथे P हा ‘र’ आणि C हा ‘स’ वाचायचा. चेहऱ्यावर विसंबू नका: एकाच राजाच्या नाण्यांवर तो तरुण, म्हातारा, लांब नाकाचा, बसक्या नाकाचा असा कसाही दिसतो.

खरी ओळख मागच्या बाजूला आहे. मध्ये बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी व खरोष्ठी या जुन्या लिपींतले लेख. ब्राह्मीतला ‘न’ शोधा: उभी रेघ, पायाशी आडवी. एका अक्षराने सुरुवात, मध्ये दोन अक्षरं, पुन्हा तेच अक्षर, म्हणजे न-ह-प-न. बाण-वज्राच्या जागी डोंगर, चंद्र आणि तारा असेल, तर नाणं चष्टनाच्या, म्हणजे क्षत्रपांच्याच दुसऱ्या, घराण्याचं. त्यातल्या उत्तरकालीन नाण्यांवर डोक्यामागे शक वर्षाचे आकडे येतात आणि ग्रीक लेखाच्या नुसत्या रेघोट्या उरतात.

इतिहासासाठी सगळ्यात मोलाची ती नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, त्याच्याच नाण्यांवर आपला छाप मारून, पुन्हा ठोकलेली नाणी. जोगलटेंभीच्या साठ्यात दोन तृतीयांश तीच होती. एका बाजूला कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला फुलीच्या चार टोकांवर चार गोल. नवशिके हे नाणं झिजलेलं म्हणून बाजूला टाकतात. ते हळूहळू फिरवत पाहा. डोंगराखालून नहपानाचं नाक किंवा ग्रीक अक्षरांचा तुकडा डोकावतो. दोन्ही राजांची नावं नोंदवा.

चिंच, लिंबू, राख लावू नका. काळा थर गेला की अक्षरांच्या कडाही जातात आणि अस्सलपणाचा पुरावाही. डिस्टिल्ड वॉटर पुरे.

शंका राहिली तर नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत दाखवा. जमिनीत सापडलेला साठा मात्र 1878 च्या गुप्तधनाच्या कायद्यानुसार (ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट) आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.