बालवाडीतल्या पोरांना रोबोटिक्स? आधी खडू घ्या

चार-पाच वर्षांच्या पोराला रोबोटिक्स शिकवायचं म्हटलं की घरचे लगेच महागडं किट बघायला लागतात. थांबा जरा. या वयात शिकवायचं ते एवढंच की मशीनला स्वतःचं डोकं नसतं, आपण सांगू तेच आणि त्याच क्रमानं ते करतं. त्याला लाइट पण लागत नाही.

अंगणात नाहीतर गच्चीवर खडूनं चार ओळींत चार-चार असे सोळा चौकोन आखा, एकेकात पोरगं उभं राहील एवढे. एका कोपऱ्यात भवानी मंडप, दुसऱ्या टोकाला रंकाळा, मधे कुठंतरी म्हैस (कोल्हापुरात रस्त्यात म्हैस आडवी येत नाही असं होतंय काय). पुठ्ठ्याची तीनच प्रकारची कार्डं करा, पुढं, डावीकडं वळ, उजवीकडं वळ. एक पोरगं रोबोट, दुसरं कार्डं लावणार, आणि रोबोटनं म्हैस चुकवून मंडपातनं रंकाळ्यावर पोचायचं. सगळी कार्डं आधी मांडायची, मगच रोबोट हलणार.

गाडी हमखास अडते ती वळण्यावर. पोरांना वाटतं उजवीकडं वळ म्हणजे उजवीकडच्या चौकोनात जा. तसं नाही, जागच्या जागी फिरायचं, पुढं जायला वेगळं कार्ड. हे तोंडानं सांगून कळत नाही, उडी मारून फिरायला लावा, उजव्या मनगटाला लाल दोरा बांधा आणि तुम्ही समोर नको, पाठीमागं उभं राहा, नाहीतर तुमचं उजवं ते त्याचं डावं होतं आणि सगळाच घोळ.

रोबोट म्हशीला धडकला की लय हसतील, हसू दे. फक्त सगळी कार्डं गोळा करू देऊ नका. पहिल्या कार्डापासनं एकेकावर बोट ठेवत जा, जिथं चुकलं तेवढंच बदला. मोठे प्रोग्रॅमर पण दिवसभर हेच करत बसतात.

हे जमलं की मग विकतचा रोबोट. बी-बॉट म्हणजे पाठीवर बटणं असलेला मधमाशीसारखा छोटा रोबोट, तो एका कमांडला १५ सेंटिमीटर सरकतो आणि ९० अंशात वळतो, म्हणजे चौकोन पण १५ सेंटिमीटरचेच आखायचे. १९६७ साली लहान मुलांसाठी लोगो ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली, तिच्यावर चालणारा कासव नावाचा जमिनीवरचा रोबोट पुढं असाच चालायचा. बी-बॉटला नवीन कमांड द्यायच्या आधी त्याच्यावरचं क्रॉसचं बटण दाबायची सवय लावा, नाहीतर जुन्या कमांड मेमरीत तशाच राहतात आणि पोरगं म्हणतं रोबोट बिघडला. टॅब असला तर चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं स्क्रॅचज्युनिअर हे ॲप फुकट आहे, वाचता येत नसलं तरी चालतं, पण ते ५ ते ७ वर्षांसाठी बनवलंय, त्यामुळं मोठ्या गटातल्यांनाच द्या आणि शेजारी बसा.