बुलबुल बघताय, फोटो काढताय? मग या चुका टाळा

नवा कॅमेरा हातात आला की बेळगावचा माणूस पहिल्याच रविवारी जांबोटीचा रस्ता धरतो. चोर्ल्याला धनेश दिसेल, निदान एखादा स्वर्गीय नर्तक तरी दिसेल, अशी आशा असते. परसातल्या कढीपत्त्यावर रोज येणाऱ्या बुलबुलाच्या जोडीकडे मात्र त्याचं लक्ष जात नाही. कधी गेलंच तर ते फार सलगीनं जातं. पक्षी जवळ येतो म्हणजे तो आपल्या हक्काचाच, मग फांदी वाकवून बघितली, घरट्यापाशी मोबाईल नेला, त्यात काय बिघडलं असं वाटतं. बुलबुलाच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका या समजुतीतूनच होतात.

ओळखीतली गल्लत

टिळकवाडी, शहापूर, कॅम्प या भागांत प्रामुख्यानं दोन बुलबुल दिसतात. लालबुड्याचं डोकं काळं, अंगावर खवल्यांसारखी नक्षी आणि शेपटीच्या बुडाशी लाल ठिपका. उडताना कमरेवरचा पांढरा पट्टा आणि शेपटीचं पांढरं टोक चटकन दिसतं. दुसरा शिपाई बुलबुल. काही जण त्याला नारद बुलबुल म्हणतात. त्याचा तुरा उंच आणि टोकदार, गाल पांढरा, डोळ्यामागे लाल ठिपका. शेपटीखाली लाल रंग यालाही असतो, त्यामुळे नुसतं ‘खाली लाल दिसलं’ यावरून नाव ठरवू नका.

शिपायाच्या पिल्लाला डोळ्यामागचा लाल ठिपका नसतो आणि शेपटीखालचा रंगही फिका, नारिंगीकडे झुकलेला असतो. मेनंतर असा पक्षी दिसला की ‘वेगळीच जात सापडली’ म्हणून ग्रुपवर फोटो पडतात. आधी आजूबाजूला त्याचे आईबाप दिसतात का ते बघा. नर-मादीच्या बाबतीतही असंच होतं. दोन्ही जातींत ती सारखीच दिसतात, तेव्हा ‘तुरा मोठा तो नर’ असं फोटोखाली लिहू नका.

खानापूरच्या पश्चिमेला दाट रान सुरू झालं की यादी वाढते. कणकुंबी, चोर्ला, भीमगडच्या बाजूला तुरा नसलेला, खालून पिवळाधमक असा पिवळ्या भुवईचा बुलबुल भेटतो. काळं डोकं, लालभडक गळा, पिवळं अंग आणि पांढरट डोळा असलेला बुलबुल दिसला, तर तो गोव्याचा राज्यपक्षी. त्याला आपली सीमा ठाऊक नाही, घाटाच्या अलीकडेही तो येतो. उलट गोकाककडच्या कोरड्या, काटेरी झुडपांत पांढऱ्या भुवईचा बुलबुल शोधावा. तो आधी ऐकू येतो. झुडपाच्या पोटातून एकदम गडबडीचं गाणं फुटतं आणि पक्षी काही दिसत नाही.

हिरवागार पर्णपक्षी आणि लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक यांनाही आपल्याकडे कुणी कुणी बुलबुल म्हणतात. ते बुलबुल नव्हेत. पर्णपक्षी तर इतर पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. मोबाईलवरच्या मर्लिन ॲपनं आवाजावरून नाव सांगितलं तरी पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय नोंद करू नका.

रानात गार्डला किंवा कन्नड बोलणाऱ्या गावकऱ्याला विचारताना ‘पिकळार’ म्हणा, लगेच कळतं.

घरटं दिसलं की

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

बुलबुल घरटं फार उंच बांधत नाही. जास्वंद, मोगरा, बोगनवेल, कुंडीतला मनीप्लांट, कधी व्हरांड्यातल्या दिव्याची शेड, हात पोचेल एवढ्या उंचीवर वाटीसारखं घरटं असतं. आत दोन किंवा तीन अंडी, गुलाबीसर रंगावर तांबडे ठिपके. अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पुढच्या बारा-तेरा दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर पडतात. म्हणजे सगळा मामला महिन्याभराचा. या महिन्यात घरातल्यांनी आपली रोजची ये-जा चालू ठेवली तर बुलबुलाला त्याचं काही वाटत नाही. त्रास होतो तो थांबून, वाकून बघणाऱ्यांचा.

फोटो नीट यावा म्हणून आड येणारी पानं तोडणं किंवा फांदी दोरीनं मागे बांधणं, ही सगळ्यात वाईट चूक. ती पानं म्हणजे त्या घरट्याचं छप्पर. मार्च-एप्रिलच्या दुपारी थेट ऊन पडलं तर कातडी उघडी असलेली पिल्लं काही वेळातच मरतात. दुसरं म्हणजे, तुम्ही पुन्हा पुन्हा जिथं वाकता ते कावळा बघत असतो. मांजर बघतं, भारद्वाज बघतो. तुम्ही घरात गेलात की ते तिथं पोचतात. दोन दिवसांनी घरटं रिकामं दिसतं आणि ‘पिल्लं उडून गेली वाटतं’ असं आपण म्हणतो.

बुलबुल चोचीत किडा धरून तारेवर बसलाय, इकडून तिकडे उड्या मारतोय, टोचून टोचून ओरडतोय, पण घरट्याकडे जात नाही, असं दिसलं तर त्याचं कारण तुम्ही आहात. त्याच क्षणी मागे फिरा. आत जाऊन खिडकीतून बघा, तो लगेच पिल्लांकडे जाईल.

घरट्याचा, अंड्यांचा, पिल्लांचा फोटो काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. चोचीत किडा घेऊन तारेवर बसलेल्या बुलबुलाचा फोटो घरट्याच्या फोटोपेक्षा जास्त सांगतो आणि त्यात कुणाचं काही जात नाही. आणि हे मताच्याही पलीकडचं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अंडी काढणं, घरटं मोडणं किंवा बुलबुल पिंजऱ्यात पाळणं हा गुन्हा आहे. बोगनवेल छाटायची असेल तर माळ्याला आधी आतून बघायला सांगा. घरटं असेल तर छाटणी महिनाभर पुढे ढकलली म्हणून वेलीचं काही अडत नाही.

पिल्लू खाली पडलंय

मेमध्ये हा फोन हमखास येतो. अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, फरफर करत उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही, घरट्यातून निघालेलं आहे. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच बाहेर पडतात आणि आईबाप त्यांना झुडपात चारतात. खोक्यात घालून घरात नेऊ नका, ड्रॉपरनं पाणी पाजू नका. रस्त्यावर असेल तर उचलून जवळच्या दाट झुडपात ठेवा आणि मांजर कोंडा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. पिसं न फुटलेलं पिल्लू असेल तर खुशाल घरट्यात परत ठेवा. जखमी असेल तर मात्र वनखात्याला कळवा.

आरशावर टोचा मारतोय

‘काकू, तुमचा बुलबुल वेडा झालाय बघा, सकाळपासून गाडीच्या आरशाशी भांडतोय!’ वेडा नव्हे तो. विणीच्या दिवसांत आरशातला पक्षी त्याला हद्दीत घुसलेला दुसरा बुलबुल वाटतो आणि हे भांडण आठवडेच्या आठवडे चालतं. गाडीचा आरसा मिटून त्यावर जुना पायमोजा चढवा. खिडकी असेल तर लोक आतून पडदा ओढतात आणि मग म्हणतात, काही उपयोग नाही. आतला गडद पडदा काचेत प्रतिबिंब उलट ठळक करतो. काच बाहेरून झाका, वर्तमानपत्र चिकटवलं तरी चालेल.

फोटो का बिघडतो?

एक, आपण पक्ष्याच्या मागे जातो. बुलबुल ठरलेल्या जागी परत परत येतो. तुतीला फळं आली, पळस-पांगारा फुलला, घाणेरीला काळी फळं धरली की तो तिथं येणारच. झाडापाशी आधी जाऊन शांत बसा, सूर्य पाठीमागे ठेवा. तो आधी जवळच्या उघड्या काटकीवर थांबतो, मान फिरवतो, तुरा उभारतो आणि मग आत शिरतो. फोटो त्या काटकीवर मिळतो, झाडाच्या गर्दीत नाही.

दोन, डोकं काळं ढप्प येतं आणि डोळा सापडत नाही. लालबुड्याच्या काळ्या डोक्यात काळा डोळा. त्यात चमक आली तरच फोटो जिवंत वाटतो. सकाळी सात ते नऊचं तिरकं ऊन यासाठी उत्तम. दुपारी प्रयत्नच करू नका, कडक उन्हात शिपायाचं पांढरं पोट फोटोत नुसतं पांढरंफटक येतं. पान झडलेल्या पळसावर मागे उजळ आकाश असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अर्धा ते एक स्टॉप (कॅमेऱ्यातलं त्याचं माप) वाढवा. गर्द सावलीत गडद पक्षी असेल तर थोडं कमी करा, कारण कॅमेरा सगळंच उजळायला बघतो.

तीन, पक्षी बसलेला असूनही फोटो हललेला. बुलबुल कधी स्थिर बसत नाही, मान सारखी झटकतो. शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा कमी ठेवू नका. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० करावा लागला तर करा. फोटोत थोडे खरखरीत दाणे दिसलेले परवडतात, हललेला डोळा परवडत नाही. फोकस एकाच बिंदूवर आणि तो डोळ्यावर, नाहीतर कॅमेरा पुढचं पान पकडतो.

ओळखीसाठी फोटो हवा असेल तर समोरून काढू नका. लालबुड्याची लाल खूण बाजूनं किंवा तो पाणी प्यायला वाकल्यावरच दिसते.

मोबाईलच असेल तर झूम करून फोटो ओढू नका. पाण्याच्या परळाजवळ मोबाईल स्टँडवर ठेवा, व्हिडिओ चालू करा आणि आत जा. परळ उथळ हवा, पाणी दोन इंचापेक्षा जास्त नको. झुडपापासून थोडं लांब ठेवा, म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही, आणि शेजारी एक वाळकी फांदी रोवा. पाणी रोज बदला. फळ द्यायचंच तर पिकलेली पपई, केळं, पेरू. बिस्किट, फरसाण, ब्रेड नको.

रानात गेल्यावर

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा प्रकार बंद करा. आरशाशी जे भांडण होतं तेच इथं होतं. पिल्लं भरवायचं सोडून पक्षी नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथं वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय पायवाटेनं आत शिरू नका.

जून ते सप्टेंबर खानापूर पट्ट्यात धुकं आणि ओल एवढी असते की लेन्सला बुरशी धरते. कॅमेरा कपाटात, बॅगेत बंद ठेवणं ही तिला दिलेली मोकळीक. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, आत ओल शोषणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. तांदळात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पीठ लेन्सच्या कडेला जाऊन बसतं. एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर वाफ धरली तर पुसत बसू नका. लेन्सची टोपी लावून बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या.