तृतीयपंथी, समलिंगी (गे) पेशंट आले की दवाखान्याच्या खिडकीवर होणाऱ्या या चुका टाळा

आमचं ग्रामीण रुग्णालय, बाजाराच्या दिवशी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. मी नर्स, पण माणूस कमी पडला की केसपेपरच्या खिडकीवरही बसते. दोन वर्षांआधी एक जण आली, अंगावर साडी, हातात बांगड्या, पायाला विळा लागलेला अन् आधार कार्डावर नाव पुरुषाचं. मी तेच नाव जोरात पुकारलं. अख्खी लाइन वळून पाहून राहिली, मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं, ती काही उठली नाही. थोड्या वेळानं पाहते तर बाकडं रिकामं, ड्रेसिंग न करताच गेली. पाय पिकला असेल का, हे अजूनही डोक्यात येते.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, नाव ओरडणं. उपाय फुकटचा आहे, टोकन नंबरनं पुकारा, पण सगळ्यांनाच, एकट्या तिलाच नंबर दिला तर पुन्हा लोक पाहतातच. आणि काय नावानं हाक मारू ते हळूच विचारून केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहायचं, म्हणजे ड्रेसिंग रूमपासून औषधाच्या खिडकीपर्यंत तेच नाव जाते. रेकॉर्डला आधारचं नाव राहू द्या, हाक मारायला कोणाची परवानगी लागते? सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या नाल्सा निकालातच, म्हणजे तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या खटल्यात, सांगितलं की आपली ओळख ज्याची त्यानं ठरवायची, ऑपरेशनची अट नाही. चुकून तोंडातून भाऊ निघालंच तर "माफ करा ताई" म्हणा अन् कामाला लागा, पाच मिनिटं माफी मागत बसलात तर अजून चार लोकं ऐकतात.

दुसरं म्हणजे भोचकपणा. पायाला जखम आहे तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारा ना बाप्पा, "ऑपरेशन झालं का" काऊन विचारता? तसंच तृतीयपंथी किंवा गे दिसला की ताप असो की खरूज, थेट एचआयव्हीच्या टेस्टला पाठवायचं, हेही मी पाहिलंय. टेस्टला संमती लागते अन् रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, २०१७ चा कायदाच आहे तसा.

"मिस्टर काय करतात?" हेही सोडा, बाईची जोडीदार बाईही असू शकते. सोबत कोण आहे, घरी काळजी कोण घेते, एवढं विचारलं तरी काम भागते.

कधी आईबाप गे पोराला घेऊन येतात, डॉक्टर याला नीट करा म्हणतात. इथं आपल्यातलेच काही जण "होईल बरा, लग्न लावून द्या" म्हणून मोकळे होतात. अरे पण आजारच नाही तर बरा काय होणार? नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये असल्या कन्व्हर्जन थेरपीला, म्हणजे गे माणसाला "बदलवायच्या" उपचाराला, डॉक्टरसाठी गैरवर्तन ठरवलंय. पोराशी एकट्यात बोला, झोप लागते का, जीवाचं बरंवाईट करायचं मनात येते का ते विचारा, आईबापाला वेगळं बसवून समजवा.

आणि स्टाफरूम! जूनमध्ये गे-तृतीयपंथी लोकांच्या प्राइड महिन्याचा रंगीत डीपी ठेवायचा अन् डब्याच्या वेळी टाळी वाजवून नक्कल करायची. त्याच टेबलावर आपल्यातलाच कोणी खाली मान घालून भाकर खात असेल तर? त्यानं कधी विश्वासानं सांगितलंच तर ते तुमच्यापाशीच राहू द्या, गाव लहान आहे, दुपारी निघालेली गोष्ट संध्याकाळी पारावर असते.

आमच्याकडे आता टोकन चालू आहे. शिपाई अजूनही सवयीनं नाव ओरडतो कधी कधी, मग मी खिडकीतूनच डोळे वटारते.