चालताना ऐकलेलं डोक्यात राहत नव्हतं, त्यावर लागू पडलेला उपाय

नवी भाषा शिकायला इअरफोन लावून अर्धा तास चाललं, ऑडिओ संपला आणि एक वाक्यही आठवेना. दोष बहुतेक वेळा कानाचा नसतो, ऑडिओच्या निवडीचा असतो. नवा धडा चालताना ऐकूच नये. आधी बसून मजकूर वाचायचा, अडलेले शब्द बघून घ्यायचे आणि तोच २-३ मिनिटांचा तुकडा चालताना ४-५ वेळा लावायचा. ऑडिओचा वेग फार तर मूळच्या ०.८५ पटीपर्यंत उतरवावा. त्याखाली आवाज ताणला जातो आणि बोलीतली शब्दांची जोडणी कानाला खोटी वाटते.

बोलणाऱ्यामागोमाग पुटपुटायचं असेल तर धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच चालीचा वेग ठेवा. पळताना मात्र फक्त पाठ झालेले संवाद. दम लागला की लक्ष श्वासाकडे जातं, ऑडिओ नुसता वाजत राहतो.

वजनं उचलताना सेट चालू असेपर्यंत ऑडिओ बंद. मनातल्या मनात मोजणं आणि ऐकणं एकमेकांच्या पायात येतं. (मोजणी शिकायच्या भाषेतच करावी, आकडे फुकटात पक्के होतात.) दोन सेटमधल्या ६०-९० सेकंदांत एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मोठ्याने म्हणायचं.

रस्त्यावर एकच कान झाका.

वाक्य निसटलं म्हणून इअरफोनवर दोनदा टॅप केलं की बऱ्याचदा पुढचा ट्रॅक सुरू होतो. ॲपच्या सेटिंगमध्ये सोय असेल तर त्या टॅपला ‘१० सेकंद मागे’ लावून ठेवा.